फॅट ४५ : आईसोबत चीजच्या मुलखात

बुधवार

ताईच्या घरी ब्यूलला पोचेपर्यंत संध्याकाळचे सात वाजले. ब्यूल हे स्वित्झर्लंडच्या फ्रीबूर प्रांतातलं लहानसं शहर. ग्रुयेर नावाचं चीज ज्या मुलखातून येतं, त्या मुलखाचं हे बाजाराचं गाव. दाजी नोकरीला तळ्याकाठच्या व्हवेला जातात, पण राहायला इथेच. भाडं कमी आणि खिडकीतून डोंगर.

आम्ही कागल तालुक्यातले. आई चाळीस वर्षं डेअरीला दूध घालते आहे. तिचा दिवस दोन धारांच्या मधल्या वेळेत बसवलेला असतो. तिला दहा दिवस घराबाहेर काढायचं म्हणजे आधी वहिनीला, मग म्हशीला राजी करावं लागतं. माझी चीजशी ओळख म्हणाल तर चंदेरी कागदातले क्यूब आणि पुण्यातल्या सँडविचवर किसलेला पांढरा डोंगर. तेवढ्या भांडवलावर निघालो होतो.

रात्री फॉन्ड्यू, म्हणजे वितळवलेल्या चीजमध्ये पाव बुडवून खायचा. दाजींनी दोन बुटकी, जाड, एका बाजूला दांडा असलेली भांडी काढली. त्यांना काकलों म्हणतात. पहिल्यात निम्मं ग्रुयेर आणि निम्मं व्हाश्रँ नावाचं दुसरं चीज. भांड्याला आतून लसूण घासायची, पांढरी वाइन तापवायची, किसलेलं चीज आणि थोडं कॉर्नफ्लोअर घालून हलवत राहायचं. शेवटी कीर्श, म्हणजे चेरीची दारू, टोपणभर. आई यातलं काही घेणार नाही म्हणून दुसऱ्या भांड्यात नुसतं व्हाश्रँ, तेही पाण्यात वितळवलेलं. मला वाटलं, ही सासूबाईंसाठी काढलेली पळवाट. पण फ्रीबूरची ती जुनी रीतच आहे. व्हाश्रँ मऊ असतं, लवकर वितळतं. मात्र आच कमी हवी, उकळी लागली की बिघडलं. दाजी नाकावर चष्मा ओढून एकाच दिशेने ढवळत होते.

"पिठलं म्हणा की," आई म्हणाली. "गुठळी झाली की गेलं."

पाव कालचा हवा, ताजा पाव काट्यावरून सुटून बुडतो. प्रत्येक तुकड्याला थोडी कड हवी, काटा त्या कडेतून पलीकडे गेला पाहिजे. भांड्यात तुकडा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवायचा, म्हणजे तळ लागत नाही. ज्याचा पाव बुडेल त्याला दंड. माझे दोन बुडाले, भाचीने भांडी माझ्या नावावर लिहिली.

सोबत गार पाणी प्यायचं नाही, पोटात चीजचा गोळा होतो, असं इथे सगळे सांगतात. वाइन नाहीतर गरम चहा. २०१० साली झुरिकच्या डॉक्टरांनी वीस माणसांना फॉन्ड्यू खायला घालून हा वाद तपासला होता. दारूने पोट रिकामं व्हायला उशीर लागतो, चहाने लागत नाही, असं निघालं. दाजींनी हे सांगितलं आणि स्वतःच्या ग्लासात वाइन ओतली. फॉन्ड्यूचं 'राष्ट्रीय पक्वान्न' होणंही तसं जुनं नाही. १९१४ ते १९९९ या काळात इथे चीजचा सगळा व्यापार हाताळणारी एक संघटना होती. शिल्लक चीज खपावं म्हणून तिने १९३०च्या दशकापासून फॉन्ड्यूचा जोरात प्रचार केला. आपल्याकडे रोज अंडी खायला सांगणारी जाहिरात होती, तसंच काहीसं.

भांडं रिकामं व्हायला आलं आणि तळाशी तांबूस पापुद्रा दिसायला लागला. इथे त्याला 'रेलिजिअज', म्हणजे जोगीण, म्हणतात. दाजी ज्योत बारीक करून तो खरपूस होऊ देत होते. आईने वाकून पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला.

"खरवड! आरं, खरवड काढा की."

उलथणं तिनेच मागून घेतलं. कडेने सोडवत अख्खी चकती उचलली आणि तोडून वाटली. मला सगळ्यांत मोठा तुकडा, कारण मी लांबून आलो होतो. ती स्वतःही लांबूनच आली होती, पण तो हिशेब तिने धरला नाही. कुरकुरीत, खारट, किंचित कडवट. आख्ख्या जेवणापेक्षा तो तुकडा मला जास्त आवडला.

गुरुवार

ब्यूलला गुरुवारचा बाजार भरतो. आईला बाजार कुठलाही चालतो. भाषा येत नसताना तिने एका बाईकडून नासपती दाबून-दाबून निवडून घेतल्या. मी चीजच्या गाडीवर लेतिव्हाझचा तुकडा घेतला. हे १० मे ते १० ऑक्टोबर एवढ्याच दिवसांत, डोंगरावरच्या झोपड्यांमधून, लाकडाच्या चुलीवर करतात. चुलीचा वास त्यात उतरतो. नासपतीच्या फोडीवर पातळ काप ठेवून बाजारातच खाल्ला, चाकू विकणाऱ्याकडूनच उसना घेऊन.

दुपारी प्रँजी. ग्रुयेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी, रेल्वे स्टेशनच्या अगदी समोर, काचेआडून चीज होताना दाखवणारा कारखाना आहे. तिकिटाबरोबर कानाला लावायचं यंत्र मिळतं, त्यात एक गाय आपली कहाणी सांगते. भाची फ्रेंच ऐकत होती, मी इंग्रजी, आणि मी आईला मराठी.

खाली तांब्याच्या चार कढया, प्रत्येकी ४,८०० लिटरच्या. एका कढईतून चीजची बारा चाकं निघतात. ३५ किलोच्या एका चाकाला सुमारे ४०० लिटर दूध लागतं. आईने लगेच हिशेब मांडला. आपलं दोन वेळचं मिळून आठ लिटर, म्हणजे पन्नास दिवसांचं दूध एका चाकात.

"आणि दर काय देतात?" तो गायीने सांगितला नव्हता.

मग चाऱ्याचं. ग्रुयेरसाठी दूध देणाऱ्या गायींना मुरघास, म्हणजे दाबून आंबवलेला हिरवा चारा, घालायला बंदी आहे. मुरघासातले काही जिवाणू दुधात आले की चीज महिन्या-दोन महिन्यांनी आतून फुगतं, तडकतं. त्यामुळे उन्हाळ्यात ओलं गवत आणि हिवाळ्यात वाळलेलं. आमच्या भावाने मागच्याच वर्षी मुरघासाचा खड्डा केला आणि गावभर दाखवला.

"म्हणजे आपलं दूध ही घेणार न्हाईत," आई म्हणाली. नापास झाल्याचं वाईट वाटल्यासारखी नव्हे, तर डेअरीच्या सेक्रेटरीला मनात ठेवून.

तोवर एका कढईत दूध लागलं होतं. 'लागलं' म्हणजे घट्ट झालं. वर उभ्या माणसाने हाताने थर उचलून पाहिला, तो स्वच्छ चिरला. तारांची पाती फिरू लागली आणि बघता-बघता त्या पांढऱ्या खरवसाचे गव्हाएवढे दाणे झाले. मग ५७ अंशांपर्यंत तापवणं. दाणे मूठभर दाबून पाहायचे, चिकटून राहिले आणि पुन्हा सुटले तर जमलं. आई काचेला नाक लावून उभी होती. तिची मूठ खिशात आपोआप आवळली जात होती, शालीतून मला दिसत होतं.

"विरजण कसलं लावलं? दही तर इतक्यात न्हाई लागत."

इथे मी गाढवपणा केला. गायीने कानात जे सांगितलं ते मी जसंच्या तसं मराठीत सांगितलं. विरजण असतंच, पण दूध अर्ध्या-पाऊण तासात घट्ट होतं ते रेनेटने. रेनेट म्हणजे दूध पिणाऱ्या वासराच्या पोटातला रस. वासराला आईचं दूध पचावं म्हणून ते पोटात घट्ट होतं, तेच काम इथे कढईत.

"वासराच्या पोटातनं काढतात कसा?"

मी गप्प बसलो. भाची नाही बसली. मटणासाठी कापलेल्या वासराच्या पोटातून, असं तिने सांगून टाकलं.

आमच्या घरी बकऱ्याचं मटण होतं, रस्सा पांढरा आणि तांबडा दोन्ही. पण गायीचं वासरू वेगळं. आई काही बोलली नाही. तिकिटाबरोबर चाखायला मिळालेलं पाकीट तिच्या हातात होतं, तीन वयांच्या चीजचे तीन तुकडे. ते तिने माझ्या हातात दिलं. काल रात्रीच्या खरवडीबद्दलही काही बोलली नाही, आणि ते मला जास्त लागलं.

भारतातली पाकिटं हिरवा ठिपका लावून मिळतात, कारण त्यात सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट असतं. पण ग्रुयेरची रीत वासराच्या रेनेटची. ती पाळली नाही तर इथे त्या नावाने विकता येत नाही. हे सगळं मला ठाऊक होतं. तिला आधी सांगायला हवं होतं, एवढंच सुचलं नव्हतं.

तिन्ही तुकडे मी खाल्ले. कोवळं ग्रुयेर मला सपक वाटलं. आटवलेल्या दुधाची चव, पुढे काही नाही. जास्त दिवसांचं मात्र दाताखाली कचकन लागतं. ते मीठ नव्हे, चीज मुरताना प्रथिनं फुटून तयार झालेले खडे असतात. दुकानात जून चीज मागा, कोवळ्यावर पैसे घालवू नका.

किल्ल्याच्या गावात वर चढून गेलो. फरसबंद गल्ली, खिडक्यांत लाल फुलं, मधोमध मोठ्या पिशव्या घेऊन फिरणारे पर्यटक, आणि आम्हीही त्यांतलेच. इथे मरँगवर 'क्रेम दूब्ल' घालून देतात. मरँग म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा कोरडा, ठिसूळ, गोड फेस, आणि क्रेम म्हणजे लाकडी घंगाळ्यातली दाट साय. अंडं आईला चालतं. तिने चमचा सायीत उभा करून पाहिला, तो पडला नाही.

"फॅट किती हिची?"

"निदान ४५."

ती हसायला लागली. दुपारपासून पहिल्यांदा. आमच्या डेअरीत म्हशीला सात फॅट लागली की ती चिठ्ठी शेजारणीला दाखवायची असते. "४५ फॅट लागली तर सेक्रेटरी म्हणंल, मशीन बिघडलंय." दोन घंगाळी संपवली.

शुक्रवार

पावसाची भुरभुर. दाजींनी रजा टाकली होती, गाडीने व्हॅले प्रांतात सिएरला गेलो. तिथे शातो द व्हिला नावाच्या जुन्या वाड्यात राक्लेत मिळतं, एकाच बैठकीत पाच वेगवेगळ्या खोऱ्यांचं.

राक्लेत म्हणजे खरवडणं. चाकाचा अर्धा भाग कापून तोंड विस्तवाकडे करायचं, वरचा थर वितळून लोळायला लागला की चाकूच्या एका ओढीने तो थाळीवर घ्यायचा. बरोबर सालीसकट उकडलेला लहान बटाटा, व्हिनेगरमधली इवलीशी काकडी आणि कांदा. एक ओढ खाऊन संपली की दुसऱ्या खोऱ्याची येते. चाकाच्या कडेवर खोऱ्याचं किंवा गावाचं नाव उठवलेलं असतं: बान्य, ओर्सिएर, गोम्स. एका चवीला गवत, एकीला लोणी, एकीला चक्क गोठा. पाचांत मला गोठा आवडला. फॉन्ड्यूपेक्षा राक्लेत सरस हे माझं मत आहे आणि ते मी त्या खोलीत मोठ्याने बोललो नाही, कारण दाजी फ्रीबूरकडचे झाले आहेत.

आई बटाटे खात होती. दोन खाल्ल्यावर तिने पर्समधून स्टीलची डबी काढली. कांदा-लसूण चटणी. बटाटा हाताने फोडला, चटणी भुरभुरली, आणि समाधानाने जेवली. मी माझ्या तिसऱ्या ओढीवर चिमूटभर घालून पाहिली. वितळलेलं चीज तिखट ओढून घेतं, लसणीचा वास पुढे येतो आणि चटणीचं तेल कडेने केशरी सुटतं. खरवडणारा माणूस येऊन वास घेऊन गेला. आईने डबी पुढे केली. त्याने बोटावर घेतली, डोळे मिटले, खोकला, आणि थोड्या वेळाने परत आला.

येताना गाडीत ताईने विचारलं, हे आपल्याकडे का नाही झालं? मला वाटतं, गरज एकच होती: जास्तीचं दूध नासू द्यायचं नाही. इथे उन्हाळ्यात गायी डोंगरावर, खाली गावात यायला वाट अवघड, आणि पुढे सहा महिने बर्फ. दूध घट्ट करून तळघरात ठेवलं की तळघरच ते सांभाळतं. आमच्या उन्हात चीजचं काय झालं असतं? आम्ही लोणी काढलं आणि कढवलं. तूप वर्षभर राहतं, त्याला तळघर लागत नाही.

"आणि वासरू बी राहतं," आई मागून म्हणाली. मला वाटलं होतं, ती झोपली आहे.

शनिवार

सप्टेंबरचा शेवटचा शनिवार म्हणजे शार्मेला देझाल्प. उन्हाळाभर डोंगरावर असलेले कळप खाली उतरतात. ब्यूलहून बसला उभं राहून गेलो, एवढी गर्दी.

आधी आवाज येतो. माणसाच्या डोक्याएवढ्या घंटा, एकेका गायीच्या गळ्यात, आणि अशा तीस-चाळीस गायी रस्त्याच्या वळणाआड. मग त्या दिसतात. डोक्यावर कागदी फुलं आणि देवदाराची फांदी, शिंगांमधून माळा. त्यांना हाकणारे अर्माइयी निळ्या आखूड बंडीत, बाह्या फुगीर, कॉलरवर पांढरी फुलं भरतकामात, खांद्याला मिठाची चामडी पिशवी. पोरंही तशाच बंडीत. मागून गाडीवर सामान, त्यात एक तांब्याची कढई.

"आगं बाई, ह्यो तर बेंदूर!"

विदर्भ-मराठवाड्यात पोळा, आमच्याकडे बेंदूर. गंमत म्हणजे वसंतात गायी वर चढवतात त्या दिवसाला इथे 'पोया' म्हणतात. गोठ्याच्या दारावर गायींच्या रांगेचं चित्र रंगवलेलं असतं, त्यालाही पोयाच. नात्यातले शब्द अर्थातच नाहीत, पण आईला मी ते सांगितलं आणि तिने ते कायमचं खरं धरलं.

एक कळप आमच्यासमोर थांबला. काळ्या-पांढऱ्या आणि तांबड्या-पांढऱ्या गायी, आपल्याकडे एचएफ म्हणतात तशा, वशिंड नाही. आई पुढे झाली. मी "आई, नको" म्हणेपर्यंत तिने एकीच्या मानेखालच्या पोळीवरून हात फिरवला, मग पाठीवरून मागे जात कासेकडे वाकून पाहिलं. अर्माइयी, साठीचा, बघत होता. आईने एक बोट वर करून मराठीत विचारलं, "कितवं वेत?" त्याने पाच बोटं दाखवली. त्याला काय कळलं, देव जाणे. पण आई म्हणाली, पाचवंच असणार, शिंगावरून दिसतंय.

बाजारात एका म्हातारीच्या टेबलावर फडक्यातून नुकताच काढलेला पांढरा गोळा होता. सेराक. चीज काढून घेतल्यावर कढईत जे पाणी उरतं, ते जवळपास ९० अंशांपर्यंत तापवून त्यात आंबट घालतात. उरलेली प्रथिनं वर येतात, ती फडक्यात बांधतात. रेनेट घालत नाहीत. भाचीने विचारून खात्री केली.

आईने कडेचा तुकडा मोडला, दोन बोटांत चुरला, वास घेतला. "नासवलेलं दूध हाय. लई गोड पाणी होतं ह्याचं." अर्धा किलो घेतलं. घरी आल्यावर ताईच्या डब्यातला गूळ किसून त्यावर घातला आणि वाटी मांडीवर घेऊन खिडकीशी बसली. आमच्याकडे दूध नासलं की गूळ घालून आटवायची पद्धत आहे. इथे आटवायचीही गरज पडली नाही.

एक गोष्ट मी तिला सांगितली नाही. ज्या पाण्यातून सेराक येतं, ते चीजच्या कढईतलंच, त्यामुळे रेनेटचा अंश त्यात असतोच.

रविवार

ज्युरा डोंगरात बेलले. गाडीत भाचीने एमेंटालच्या भोकांचा विषय काढला. जिवाणू वायू सोडतात हे शाळेत शिकवलेलं, पण भोक नेमकं कुठे पडायचं हे कोण ठरवतं? २०१५ साली इथल्या सरकारी शेती संशोधन संस्थेने चीजचे सीटी स्कॅन काढून शोधलं: दुधात पडलेले गवताचे बारीक कण. धार यंत्राने स्वच्छ निघायला लागली तशी भोकं कमी झाली. "बादलीत कचरा पडायचाच," आई म्हणाली, गाळणी विसरल्यासारखी.

बेललेच्या मठातले साधू पूर्वी जे चीज करायचे ते तेत द म्वान, म्हणजे साधूचं डोकं. एक किलोच्या आतलं गोल डबं. ते कापायचं नाही, वरून खरडायचं. १९८२ साली निकोला क्रव्वाझिए यांनी त्यासाठी जिरोल नावाचं साधन काढलं: लाकडी पाट, मधोमध खुंटी, खुंटीत चीज रोवायचं आणि वरून पातं बसवून गरगर फिरवायचं. चुणीदार फूल निघतं. मला आधी हा दिखाऊपणा वाटला. मग चाकूने कापलेला तुकडा आणि खरडलेलं फूल, दोन्ही लागोपाठ खाल्लं. एकच चीज, पण फुलाला चौपट वास. हवा लागायला जागा मिळते, एवढंच कारण.

आईने मूठ हातात घेतली ती सोडली नाही. पाच-सहा फुलं काढली, झेंडूसारखी ताटात मांडली, आम्हाला एकेक दिलं, शेजारच्या टेबलावरच्या जोडप्यालाही दिलं. स्वतः काही खाल्लं नाही. संध्याकाळी परत.

सोमवार

दुपारचं विमान. आईचा सोमवार. ताईने वरीचे तांदूळ टाकले होते, पण आईने फ्रीज उघडून सेराकचा उरलेला तुकडा काढला. दूध उपासाला चालतं, तेव्हा हेही चालावं, असा तिचा विचार. गूळ किसून झाला, वाटी भरली. मग चमचा हातात धरून तिने माझ्याकडे पाहिलं.

"ह्यात ते वासराचं न्हाई न्हवं?"

ताई बॅगेची चेन ओढत होती, ती थांबली.

"घालत नाहीत," मी म्हणालो. ती बघतच होती. "पण पाणी त्याच कढईतलं असतं, आई. थोडं असणार."

"आणि मग उकळतात?"

"उकळीच्या जवळ. त्याने त्याची ताकद मरते."

ती वाटीकडे पाहत राहिली. खाली दाजी गाडीचा हॉर्न वाजवत होते.

"उकळलं न्हवं," ती म्हणाली, "मग झालं." आणि खायला लागली.